गाडी मिसिंग का मारते?

माजिवड्याच्या सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना स्टिअरिंग थरथरू लागले आणि इंजिनाचा सूर मध्येच तुटू लागला, की मेकॅनिक ऐकताक्षणी सांगतो, ‘गाडी मिसिंग मारतेय.’ त्यानंतर अनेकदा अंदाजानेच आधी ठिणगी पाडणारा प्लग, मग त्याला वीज पुरवणारी कॉइल बदलली जाते, पुढे इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची सफाई होते. बिल वाढत जाते आणि थरथर तशीच राहते. हा खर्च टाळता येतो, कारण बिघाड कुठे आहे याची बरीचशी माहिती इंजिनच देत असते.

चार सिलेंडरचे पेट्रोल इंजिन आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसते चालू असताना, मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते, म्हणजे चारही मिळून मिनिटाला १६०० वेळा. त्यातले एखादे हुकणे म्हणजेच मिसिंग, आणि ते हुकले की क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचा, वेग क्षणभर किंचित घटतो. क्रँक सेन्सर ही घट टिपतो आणि त्या क्षणी कोणत्या सिलेंडरची पाळी होती, हे इंजिनाच्या संगणकाला ठाऊक असते. म्हणूनच या संगणकातली नोंद वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२ हा कोड दिसला, तर दोष दुसऱ्या सिलेंडरमध्ये आहे असे समजावे. पी०३०० मात्र एकच सिलेंडर दाखवत नाही.

कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर दुसऱ्या सिलेंडरची कॉइल तिसऱ्यावर बसवून पाहावी. कोड पी०३०३ झाला, तर कॉइल खराब आहे. तो जागचा हलला नाही, तर हाच प्रयोग प्लगबाबत करावा. प्लग काढल्यावर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभी, केसाएवढी काळी रेघ दिसते का, हेही बघावे. ठिणगी टोकाशी न पडता बाहेरून धातूकडे निसटत असल्याची ती खूण असते, आणि प्लगच्या खळग्यात पावसाचे पाणी शिरल्यासही हा दोष उद्भवतो.

थरथर फक्त आयडलिंगला जाणवून रेस दिल्यावर थांबत असेल, तर इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) गास्केटमधून, म्हणजे जोडावरच्या पट्टीतून, किंवा व्हॅक्यूमच्या तडकलेल्या नळीतून हवा शिरत असल्याचा संशय घ्यावा. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा घेत असल्याने छोटी गळतीही हे प्रमाण बिघडवते. वेग वाढला की तीच गळती नगण्य ठरते.

ठाणे आणि नवी मुंबईत सीएनजीच्या गाड्या पुष्कळ आहेत, त्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते, म्हणून झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल आधी सीएनजीवर उघडी पडते. तेव्हा पेट्रोलवर गाडी ठीक चालते म्हणून लगेच सीएनजीच्या किटला दोष देणे योग्य नाही. याउलट, ती फक्त पेट्रोलवरच अडखळत असेल, तर पेट्रोलचे इंजेक्टर तपासावेत.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तर घोडबंदरचा चढ रेटून पार करू नये. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याची महागडी जाळी वितळू शकते.

ठिणगी, इंधन आणि हवा तिन्ही ठीक असूनही तोच सिलेंडर हुकत असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजावे लागते. ते कमी भरले, तर त्या सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता अधिक, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट.