जवस मागे का राहिलं? आवश्यक मेदाम्लांच्या शोधाची पार्श्वभूमी

‘मासे खात नाही, मग ओमेगा-३ कुठून मिळवता?’ पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना बहुतेकांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे आवश्यक मेदाम्लं (चरबीतली अशी आम्लं जी शरीराला लागतात पण स्वतः बनवता येत नाहीत) मुळात प्राण्यांकडून मिळतात आणि वनस्पती खाणाऱ्यांनी त्यांची कशीबशी भरपाई करायची. इतिहास पाहिला तर चित्र बरंचसं उलटं दिसतं. ही मेदाम्लं तयार करण्याची क्षमता वनस्पतींकडे आणि शैवालांकडे आहे, माणसाकडे नाही. अडचण वेगळीच झाली. या मेदाम्लांची कुळं दोन आहेत, ओमेगा-६ आणि ओमेगा-३, आणि विज्ञानाने त्यांतल्या पहिल्याच कुळाला जवळजवळ पन्नास वर्षं मान दिला. दुसरं कुळ त्या काळात मागे पडलं आणि तेलाच्या कारखान्यांनी तर ते मुद्दाम बाहेर काढलं.

१९२० च्या दशकापर्यंत आहारातल्या स्निग्ध पदार्थांकडे फक्त इंधन म्हणून पाहिलं जाई. ‘अ’, ‘ड’ आणि ‘ई’ ही जीवनसत्त्वं त्यांत विरघळतात एवढंच त्यांचं वेगळेपण. ती जीवनसत्त्वं स्वतंत्रपणे दिली तर चरबीचं काम साखरही भागवू शकेल, अशी समजूत होती. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड बर यांनी ही समजूत तपासून पाहिली. त्यांनी उंदरांना शुद्ध केसीन (दुधातलं प्रथिन), साखर, क्षार आणि लागणारी जीवनसत्त्वं दिली, पण चरबीचा अंशही शिल्लक राहणार नाही याची कसोशीने काळजी घेतली.

काही आठवड्यांनी उंदरांच्या शेपट्यांवर खवले दिसू लागले. मागचे पाय लाल होऊन सुजले, केस गळू लागले, वाढ खुंटली. उंदीर नेहमीपेक्षा जास्त पाणी पीत होते, पण त्या प्रमाणात लघवी होत नव्हती. त्वचाच पाणी धरून ठेवत नव्हती. पुढे मूत्रपिंडं खराब झाली आणि उंदीर दगावू लागले. रोजच्या आहारात थोडीशी योग्य चरबी घालताच ते सुधारले. १९२९ मध्ये बर दांपत्याने हा ‘नवा कमतरतेचा आजार’ जाहीर केला. १९३० मध्ये त्यांनी बरं करणारा घटकही दाखवून दिला: लिनोलेइक ॲसिड. संपृक्त मेदाम्लांचा काहीही उपयोग झाला नाही. ‘आवश्यक मेदाम्ल’ ही संकल्पना इथून रुळली. काही काळ त्यांना ‘व्हिटॅमिन एफ’ही म्हटलं जाई.

कारण रसायनशास्त्राच्या अंगाने सोपं आहे. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. या साखळीत नवव्या कार्बनच्या पलीकडे दुहेरी बंध घालणारं एन्झाइम माणसाच्या शरीरात नाही. वनस्पतींकडे ते आहे. म्हणून लिनोलेइक ॲसिड (ओमेगा-६) आणि अल्फा-लिनोलेनिक ॲसिड म्हणजे एएलए (ओमेगा-३) ही दोन्ही आपल्याला बाहेरूनच घ्यावी लागतात. एकदा ती मिळाली की शरीर साखळी लांबवतं, आणखी दुहेरी बंध घालतं आणि त्यांपासून पुढची मेदाम्लं बनवतं: लिनोलेइकपासून ॲराकिडोनिक ॲसिड, आणि एएलएपासून ईपीए आणि मेंदू व डोळ्यांना लागणारं डीएचए.

गाडी रुळावरून घसरली ती इथे. मेदाम्ल आवश्यक आहे की नाही हे उंदराची वाढ आणि त्याची त्वचा यांवरून ठरवलं जात होतं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लिनोलेनिक ॲसिडनेही उंदरांची वाढ पुन्हा सुरू होते हे दिसलं होतं. पण खवले पडलेली त्वचा पूर्ण बरी करण्यात ते लिनोलेइकच्या जवळपासही येईना. साहजिकच त्याच्यावर दुय्यम असा शिक्का बसला. मेंदू आणि डोळ्यांचा पडदा तपासायला हवा हे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं, आणि त्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही. पण एका अवयवावर बेतलेला निकष सगळ्या शरीराला लावला गेला, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

माणसाला तरी ही मेदाम्लं लागतात का, यावरही बराच काळ वाद होता. १९३८ मध्ये बर यांच्याच गटातल्या विल्यम ब्राउन या संशोधकाने सहा महिने जवळजवळ चरबीविरहित आहार घेतला. त्याला काहीही झालं नाही. उलट थकवा कमी झाला आणि जुनी अर्धशिशी थांबली. प्रौढ माणसाच्या अंगातल्या चरबीत लिनोलेइक ॲसिडचा मोठा साठा असतो, तो सहा महिन्यांत संपत नाही, हे नंतर उमगलं. तान्ह्या बाळांकडे असा साठा नसतो. आरिल्ड हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी चारशेहून अधिक बाळांचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. लिनोलेइक ॲसिड फारच कमी असलेल्या दुधावरच्या बाळांची त्वचा कोरडी पडून सोलवटत होती आणि ते मेदाम्ल आहारात आल्यावर बरी होत होती. लगेच १९६४ मध्ये ॲराकिडोनिक ॲसिडपासून प्रोस्टाग्लँडिन ही संप्रेरकांसारखी काम करणारी द्रव्यं बनतात हे स्वीडन आणि नेदरलँड्समधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. ओमेगा-६ चं आसन पक्कं झालं.

त्याच काळात ओमेगा-३ तेलातून हद्दपार होत होतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त एएलए असतं आणि त्यामुळेच ते हवेशी चटकन संयोग पावतं, घट्ट होतं. रंगकाम करणाऱ्यांना हा गुण हवाच असतो, खाद्यतेलाच्या व्यापाऱ्याला मात्र तो नको असतो. सोयाबीनच्या तेलात एएलए साधारण ७ टक्के असतं. तेवढ्यानेही साठवलेल्या तेलाला गवती, माशासारखा वास येऊ लागे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत हर्बर्ट डटन आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या वासाचा माग काढला आणि तो लिनोलेनिक ॲसिडपाशी येऊन थांबला. तेल टिकवायचं तर तेच कमी करायचं, हे ओघाने आलं. अंशतः हायड्रोजनीकरण केलं गेलं, म्हणजे हायड्रोजन जोडून तेल टिकाऊ बनवलं गेलं, त्यातून ट्रान्स फॅटचा वेगळाच प्रश्न उभा राहिला, आणि लिनोलेनिक कमी असलेले वाणही निवडले गेले. दुसरीकडे कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी मका, करडई, सूर्यफूल या तेलांची शिफारस सुरू झाली. ही तेलं लिनोलेइकने भरलेली, पण त्यांत एएलए नावापुरतंच. जवस मागे राहिलं त्याचं कारण त्याच्या पोषणमूल्यात नव्हतं. ते डब्यात टिकत नव्हतं, एवढंच.

चूक उघडी पडली ती एका लहान मुलीमुळे. पोटात गोळी लागल्याने सहा वर्षांच्या एका मुलीच्या आतड्याचा मोठा भाग काढावा लागला होता. तिचं सगळं पोषण शिरेतून चाललं होतं आणि त्यातली चरबी होती करडईच्या तेलाची. त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे यात काही कमी नव्हतं, कारण लिनोलेइक भरपूर होतं. काही महिन्यांनी तिच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, बधिरपणा आला, पाय दुखू लागले, चालता येईना, नजर अंधुक झाली. त्वचा मात्र ठीक होती. उंदराच्या शेपटीवरून ठरलेल्या निकषाला इथे काहीच दिसलं नसतं. डॉक्टरांनी करडईच्या जागी सोयाबीनच्या तेलाचं द्रावण सुरू केलं, ज्यात थोडं का होईना एएलए होतं, आणि लक्षणं नाहीशी झाली. राल्फ हॉलमन यांनी सहकाऱ्यांसह १९८२ मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. हॉलमन हे बर यांचेच विद्यार्थी. त्याच सुमारास मार्था न्यूरिंगर आणि विल्यम कॉनर यांनी माकडांच्या पिल्लांवर हीच तुलना केली. करडईच्या तेलावर वाढलेल्या पिल्लांची दृष्टी सोयाबीन तेलावरच्या पिल्लांपेक्षा अधू निघाली.

या दोन्ही ठिकाणी मासा कुठेच नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आजारी पाडणारं तेल वनस्पतीचं होतं आणि बरं करणारंही वनस्पतीचंच.

तरीही लोकांच्या मनात ओमेगा-३ म्हणजे मासा हे समीकरण बसलं, ते ग्रीनलंडमुळे. १९७० च्या दशकात हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी तिथल्या इन्युइट लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले. सील आणि मासे खाणाऱ्या या लोकांच्या रक्तात ईपीए भरपूर आढळलं आणि त्यांना हृदयविकार कमी होतो तो त्यामुळेच, असा तर्क पुढे आला. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचा सगळा व्यवसाय त्यावर उभा राहिला. मुळात हृदयविकार कमी होता का, यावरच पुढे शंका घेतली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हायटल या मोठ्या अमेरिकी चाचणीत रोज १ ग्रॅम ओमेगा-३ घेऊन हृदयाच्या मोठ्या घटनांमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. एएलएच्या बाबतीतही असंच झालं. फ्रान्समधल्या ल्योन इथल्या १९९४ च्या अभ्यासात एएलएयुक्त मार्गारिन आणि भूमध्यसागरी आहार यांमुळे हृदयरुग्णांना मोठा फायदा झालेला दिसला, तर नेदरलँड्समधल्या २०१० च्या चाचणीत नुसत्या २ ग्रॅम एएलएने तसा परिणाम साधला नाही. हृदय वाचवण्याच्या जाहिराती म्हणूनच सांभाळून वाचाव्यात. मेंदू आणि डोळ्यांतली डीएचएची गरज हा वेगळा आणि जास्त पक्का मुद्दा आहे.

जवस किंवा अक्रोड खाऊन पुरेसं डीएचए बनतं का? थोडं बनतं. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ या दोन्ही साखळ्यांवर काम करायला शरीर तीच एन्झाइमं वापरतं, त्यामुळे लिनोलेइकची गर्दी असेल तर एएलएचा नंबर उशिरा लागतो. ग्रॅहॅम बर्ज आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तरुण स्त्री-पुरुषांत हे रूपांतर मोजलं, तेव्हा पुरुषांत डीएचए जेमतेम बनत होतं आणि स्त्रियांत बऱ्यापैकी जास्त. यामागे इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधलं संप्रेरक असावं असं मानलं जातं, आणि गर्भाच्या मेंदूला डीएचए आईकडूनच मिळतं हे लक्षात घेता ते पटतं. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात २००५ मध्ये मांसाहारी, शाकाहारी आणि वीगन (पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्या) पुरुषांचं रक्त तपासलं गेलं. वीगन पुरुषांत ईपीए आणि डीएचए मांसाहारींच्या निम्म्याहूनही कमी होतं. पण किती वर्षं तो आहार चालू आहे याच्याशी त्या पातळीचा संबंध दिसला नाही. म्हणजे साठा दरवर्षी आटत जात नाही. शरीर खालच्या पातळीवर का होईना, तोल धरून ठेवतं.

मासा स्वतःही डीएचए फारसं बनवत नाही. सूक्ष्म शैवालं बनवतात, त्यांना खाणारे बारीक जीव, त्यांना खाणारे मासे, अशी ती साखळी. मग थेट शैवालाकडेच का जाऊ नये? हा विचार प्रत्यक्षात आला तो अंतराळामुळे. लांबच्या अंतराळप्रवासात शैवालांचा उपयोग होईल का, यावर काम करणाऱ्या काही शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये अमेरिकेत मार्टेक ही कंपनी काढली. ‘क्रिप्थेकोडिनियम कोह्नी’ हे शैवाल बंद टाक्यांमध्ये साखरेवर वाढवून त्यांनी डीएचएचं तेल काढलं. २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाळांच्या दुधाच्या पावडरीत त्याच्या वापराला हरकत घेतली नाही. पुढे ‘स्किझोकायट्रियम’ या जातीमुळे डीएचए आणि ईपीए दोन्ही देणारी तेलंही बाजारात आली. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात १९९६ मध्ये शाकाहारी लोकांना सहा आठवडे शैवालाचं डीएचए दिलं, तेव्हा रक्तातलं डीएचए चांगलंच वाढलं आणि त्यातलं काही शरीराने उलट फिरवून ईपीएही बनवलं. इथे एक गल्लत सर्रास होते. स्पिरुलिना घेतलं की डीएचए मिळालं असं पुष्कळांना वाटतं. स्पिरुलिनात गॅमा-लिनोलेनिक ॲसिड असतं, ते ओमेगा-६ कुळातलं आहे. डीएचएसाठी त्याचा उपयोग नाही.

या सगळ्या प्रवासातून आजचे आकडे आले आहेत. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००२ मध्ये रोजचं पुरेसं एएलए पुरुषांसाठी १.६ ग्रॅम आणि स्त्रियांसाठी १.१ ग्रॅम ठरवलं. दळलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यात जवळजवळ एवढं मिळतं. जवस अख्खं खाल्लं तर बरंचसं न पचताच बाहेर पडतं, म्हणून दळणं आलंच. जवसाचं तेल तापवू नये, थंड जागी ठेवावं, कारण डटन यांनी शोधलेला तो दोष आजही तसाच आहे. चिया, अक्रोड, हेम्प, कॅनोला (मोहरीच्या कुळातलं तेलबी पीक) आणि सोयाबीन हे बाकीचे स्रोत. यांतलं काहीही वाढवताना सूर्यफूल, मका, करडईच्या तेलाचा हात आखडता घेतला नाही, तर एन्झाइमपुढची रांग तशीच राहते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रौढांसाठी ईपीए आणि डीएचए मिळून रोज २५० मिलिग्रॅमचा आकडा दिला आहे. शैवालतेलाची कॅप्सूल घेताना लेबलवरचं तेलाचं वजन पाहून भागत नाही, आतलं डीएचए किती ते वाचावं लागतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, वनस्पतीजन्य आहार असेल तर, हे डॉक्टरांशी बोलून घेतलेलं बरं. माझ्या मते तरी पूरकाची सर्वांत सबळ गरज याच काळात आहे.

टाक्यांतून हे काम आता शेतातही पोचलं आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात जॉनथन नेपियर यांच्या गटाने सागरी सूक्ष्मजीवांची जनुकं कॅमेलिना या तेलबीच्या रोपात घातली आणि २०१४ पासून त्याच्या शेतातल्या चाचण्या सुरू केल्या. ऑस्ट्रेलियात डीएचए देणाऱ्या कॅनोलाला २०१८ मध्ये लागवडीची परवानगी मिळाली. जनुकीय बदल केलेल्या पिकांविषयीचे वाद या पिकांनाही चुकलेले नाहीत, आणि तूर्त अशा तेलाचा मोठा ग्राहक मत्स्यशेती हा आहे. पिंजऱ्यात वाढवल्या जाणाऱ्या साल्मन माशांना ओमेगा-३ मिळावं म्हणून त्यांच्या खाद्यात ते मिसळलं जातं.