घरातले हॉर्न स्पीकर : निवड आणि जुळवणी

ज्या लाउडस्पीकरच्या पडद्यापुढे हळूहळू रुंद होत जाणारा कर्णा बसवलेला असतो तो हॉर्न स्पीकर. खान्देशात हा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा, लग्नाच्या मंडपावरचे भोंगे काय नि कानबाईच्या मिरवणुकीतल्या गाडीवरचे टॉप काय. पण घरात बसून निवांत गाणं ऐकण्यासाठीही हॉर्न लावतात, आणि माझ्या मते त्याची खरी कमाल हळू आवाजातच कळते.

पडदा जड, हवा हलकी, त्यामुळे साध्या स्पीकरला दिलेल्या विजेतली जेमतेम एक टक्का आवाजात उतरते, बाकी सगळी कॉइल तापवण्यात जाते. कर्ण्याच्या अरुंद गळ्यात पडद्याला दाबायला हवा नीट सापडते, म्हणून जिथे साधा घरगुती स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८५-९० डेसिबल देतो तिथे हॉर्न १०० च्या पुढे जातो. पडदा अगदी थोडाच हलतो, आवाजातली विकृती (डिस्टॉर्शन) कमी होते, नि रात्री शेजाऱ्यांना त्रास न होईल एवढ्या आवाजातही तबल्याची थाप ठसठशीत येते. अॅम्प्लिफायर ८-१० वॉटचा असला तरी भागतं, फक्त तो शांत हवा, कारण त्याची बारीकशी सुरसुरसुद्धा हॉर्नमधून ऐकू येते.

निवडताना आधी खोली मोजा. कर्ण्याच्या तोंडाचा घेर सगळ्यात खालच्या सुराच्या तरंगलांबीएवढा असावा असा ढोबळ नियम आहे, म्हणजे ५०० हर्ट्झला २२ सेंटीमीटर व्यास पुरतो, १०० ला १.१ मीटर लागतो, आणि ५० ला दोन मीटरच्या वर! म्हणून बास हॉर्न घरात मावत नाही. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून विकायला काढलेला क्लिप्शहॉर्न खोलीच्या कोपऱ्यात बसतो नि भिंतींनाच कर्ण्याचा भाग करून घेतो, पण त्याला मजबूत, मोकळे दोन कोपरे पाहिजेत. बहुतेकांना १२ किंवा १५ इंची वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरची, पेटी नि तिच्यावर साधारण १००० हर्ट्झपासून वरचं सांभाळणारा कॉम्प्रेशन ड्रायव्हरचा (कर्ण्याच्या गळ्यामागे बसणाऱ्या छोट्या पडद्याच्या युनिटचा) हॉर्न, हेच जमतं. दोघांचा आवाज एकजीव व्हायला अडीच-तीन मीटर अंतर लागतं, दहा बाय बाराच्या खोलीत ते कसंबसं मिळतं, तिथे हॉर्न लहानच घ्या. मंडपाचा भोंगा घरात लावू नका, तो भाषण लांबवर पोचवायला केलेला असतो, त्यात गाण्याचा खालचा नि वरचा भाग दोन्ही राहत नाहीत.

जुनं धाब्याचं घर असेल तर नशीबच, जाड मातीच्या भिंती थरथरत नाहीत आणि वरच्या लाकडी तुळयांवर आवाज विखुरतो. स्लॅब नि टाइल्सच्या नव्या घरात मात्र टाळी वाजवली तरी घुमतं, तिथे खाली गोधड्या अंथरा, ऐकणाऱ्याच्या मागे कापसाची जाड गादी उभी करा, आपल्याकडे कापसाला काय तोटा. पत्र्याची खोली टाळलेलीच बरी.

खरी मेहनत जुळवणीत. वूफर ९५ डेसिबलचा नि हॉर्न १०७ चा असेल तर हॉर्न १२ ने खाली आणावा लागतो, त्यासाठी एल-पॅड, म्हणजे हॉर्नचा आवाज कमी-जास्त करणारा नॉब, लावतात. डाव्या-उजव्यापैकी एकाच बाजूचा स्पीकर चालू ठेवून ओळखीच्या गायिकेचं गाणं लावा आणि नॉब पार खाली नेऊन हळूहळू वर आणा. स, श टोचायला लागले की थोडं मागे या, आवाज पेटीतून नि कर्ण्यातून वेगवेगळा न येता एकाच तोंडातून आल्यासारखा वाटला की थांबा. हे काम कूलर बंद करूनच करायचं. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत वरचे सूर बुडतात, माणूस हॉर्न वाढवत जातो, नि थंडीत तोच आवाज कानाला बोचतो.

मग मागे-पुढे सरकवणं. वूफर नि हॉर्न दोघांचा आवाज कानात एकाच वेळी पोचायला हवा, नि ३४ सेंटीमीटर जायला आवाजाला साधारण एक मिलिसेकंद लागतो. क्रॉसओव्हर (खालचे सूर वूफरला नि वरचे हॉर्नला वाटून देणारं सर्किट) चौथ्या ऑर्डरचा, म्हणजे हद्दीपलीकडे दर सप्तकाला २४ डेसिबल कापणारा, असेल तर हॉर्नच्या तारा तात्पुरत्या उलट्या जोडा, जिथे ही वाटणी होते त्याच फ्रिक्वेन्सीचा सूर हळू आवाजात वाजवा नि हॉर्न पेटीवर बोटभर-बोटभर सरकवा, जिथे आवाज सगळ्यात कमी होईल ती जागा बरोबर, तिथे खूण करून तारा सुलट करा. दोन्ही हॉर्नची तोंडं ऐकणाऱ्याकडे वळवलेली असावीत.

हॉर्नच्या ड्रायव्हरला बास गेला की डायफ्राम, म्हणजे त्यातला पडदा, संपलाच, म्हणून थेट अॅम्प्लिफायरला जोडताना मध्ये खालचे सूर अडवणारा कपॅसिटर पाहिजेच. आणि न वाजवताना कर्ण्याच्या तोंडाला सुती कापड बांधा, इकडची धूळ गळ्यात जाते, शिवाय अशा पोकळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते.