कोकेन

कोका (एरिथ्रोझायलम कोका) या झुडपाच्या पानांपासून काढले जाणारे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे नायट्रोजनयुक्त द्रव्य. मेंदूला तीव्र उत्तेजना देणे आणि जिथे लावले ती जागा बधिर करणे असे दोन वेगळे गुण त्यात आहेत. त्याचा बराचसा इतिहास या दोन गुणांच्या ओढाताणीचा आहे. मराठी वर्तमानपत्रांतून ऐंशीच्या दशकात रुळलेला ‘गर्द’ हा शब्द हेरॉइनचा, कोकेनचा नव्हे. गर्दने माणूस पेंगतो, कोकेनने त्याची झोप उडते.

दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातले लोक हजारो वर्षे कोकाची पाने गालात धरत आले आहेत. विरळ हवेत, उपाशीपोटी चढ चढताना त्यांचा आधार वाटतो. पानांबरोबर ते चुना किंवा वनस्पतींची राख घेतात. क्षारामुळे अल्कलॉइड मोकळे होऊन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते. पानात त्याचे प्रमाण जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी, आणि ते रक्तात उतरते हळूहळू. म्हणून पान चघळणे आणि पावडर ओढणे यांना एकाच मापाने मोजता येत नाही. बोलिव्हियाने याच मुद्द्यावर १९६१ च्या अमली पदार्थांवरच्या आंतरराष्ट्रीय करारातून अंग काढून घेतले आणि पान चघळण्याचा हक्क राखून २०१३ मध्ये पुन्हा प्रवेश केला.

जर्मनीतील गटिंगेन येथे आल्बर्ट नीमान या रसायनशास्त्रज्ञाने १८६० च्या सुमारास शुद्ध कोकेन वेगळे केले. ते जिभेवर ठेवले की जीभ बधिर होते, हेही त्याने नोंदवले. तरी त्याचा उपयोग सुचायला जवळपास पाव शतक लागले. १८८४ मध्ये व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर याने बेडकाच्या डोळ्यात द्रावणाचे थेंब टाकले, मग स्वतःच्या डोळ्यात टाकून बुबुळाला टाचणी लावून पाहिली. काही जाणवले नाही. जागेपणी डोळ्याची वेदनेविना शस्त्रक्रिया करणे त्या दिवसापासून शक्य झाले. त्याच वर्षी, त्याच शहरात सिग्मंड फ्रॉइडने कोकेनची स्तुती करणारा निबंध लिहिला आणि मॉर्फिन या अफूपासूनच्या वेदनाशामकाची सवय सोडवण्यासाठी ते आपला मित्र फ्लाइश्ल-मार्क्सो याला सुचवले. मॉर्फिन काही सुटले नाही, वर कोकेन जडले. कातडीवर पांढरे साप सरपटत असल्याचे त्याला भास होऊ लागले. १८९१ मध्ये तो वारला. अंगावर किडे फिरत असल्याचा असाच भास आजही व्यसनी रुग्णांत दिसतो.

भारतात ही पावडर शिरली ती पानाच्या विड्यातून. भागलपूरच्या एका जमीनदाराला ती औषध म्हणून मिळाली आणि तिथून सवय पसरली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो-नसो, विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्ता, मुंबई, दिल्ली अशा शहरांत कोकेन घातलेले पान खाणारे होते. विड्यात चुना आयताच असतो. अँडीजमधल्या लोकांनी शोधलेली युक्ती इथे कोणी न शिकवताच लागू पडली! माल यायचा युरोपातल्या कारखान्यांतून, पुढे जपानहून. जर्मन मर्क कंपनीच्या पुडीला बाजारात इतकी पत होती, की तिच्या नावाचा बनावट मालही विकला जाई. आधी प्रांतिक निर्बंध आले, १९३० मध्ये ‘डेंजरस ड्रग्ज अ‍ॅक्ट’ झाला. आजच्या पबमधल्या ‘लाइन’ला (नाकाने ओढायच्या पावडरच्या रेघेला) आधुनिक परदेशी खूळ समजणाऱ्यांना या पानवाल्यांचा विसर पडलेला असतो.

मेंदूत चेतापेशींनी सोडलेले डोपामिन हे सुखाच्या जाणिवेशी जोडलेले रसायन काम झाल्यावर परत आत ओढले जाते. कोकेन ही वाट अडवते. डोपामिन साचते, आणि आत्मविश्वास, बडबड, जागेपण, भूक मरणे ही लक्षणे दिसतात. नाकाने ओढल्यास हा भर साधारण पंधरा ते तीस मिनिटे टिकतो. ‘क्रॅक’च्या, म्हणजे जाळून ओढायच्या खड्यांच्या, रूपात धूर घेतल्यास तो काही सेकंदांत चढतो आणि पाच-दहा मिनिटांत ओसरतो. जितक्या वेगाने चढते तितक्याच वेगाने उतरते, आणि मागे राहते ती उदासी, चिडचिड व पुन्हा घेण्याची अनावर ओढ.

हृदयावरचा घाला त्याहून गंभीर. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, ठोके बिघडतात. सेवनानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २४ पट वाढल्याचे एका अमेरिकी अभ्यासात आढळले; तिशीतला, धडधाकट दिसणारा माणूसही यातून सुटत नाही. पक्षाघात, फिट येणे, शरीराचे तापमान धोकादायक पातळीला जाणे, संशयाने पछाडणे, नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडणे हेही घडते. दारूबरोबर घेतल्यास यकृतात कोकाइथिलीन तयार होते. ते अधिक काळ टिकते आणि हृदयाला अधिक घातक असते. शिवाय पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसते: रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवणारे लेव्हामिसोल हे जंतावरचे औषध त्यात सापडते, काही देशांत फेंटानिल हे अतितीव्र वेदनाशामकही. छातीत दुखणे, फिट किंवा भ्रम दिसल्यास १०८ ला फोन करावा आणि काय घेतले ते डॉक्टरांना लपवू नये. कोकेनवर नेमका उतारा नाही, पण वेळेत उपचार झाल्यास जीव वाचतो.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात कोकेन घेणारे सुमारे ०.१ टक्का, म्हणजे दहा लाखांच्या आसपास होते. ओपिऑइडच्या (अफू, हेरॉइन वगैरेंच्या) तुलनेत हा आकडा लहान, कारण भावच श्रीमंतांच्या खिशाचा. मुंबई विमानतळावर पोटात कॅप्सूल लपवून आणणारे प्रवासी अधूनमधून पकडले जातात. त्यांना रुग्णालयात ठेवून त्या बाहेर पडण्याची वाट पाहावी लागते. एखादी आत फुटली तर माणूस दगावू शकतो. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात २ ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ आणि १०० ग्रॅमपेक्षा जास्त ‘व्यापारी’ प्रमाण धरले जाते. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे.

व्यसन सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी अजून निघालेली नाही. समुपदेशन, आणि लघवीच्या तपासणीत कोकेन न आढळल्यास छोटे बक्षीस देण्याची पद्धत, यांचाच उपयोग दिसतो. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर कायद्याचे कलम ६४ए त्याला खटल्यापासून संरक्षण देते. मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय विनाशुल्क मदतवाहिनी १४४४६.