एल्क-शिकारीतील बाणाग्र व बाणाचे वजन

उत्तर अमेरिकेत धनुष्यबाणाने एल्कची शिकार करताना बाणाला किती रुंद पाते लावावे आणि सगळा बाण किती वजनाचा असावा, यासंबंधीचे संकेत, नियम व वाद. येथे एल्क म्हणजे वापिटी हे मोठे हरीण (सर्व्हस कॅनाडेन्सिस). युरोपात हेच नाव मूस या वेगळ्या हरणाला देतात, त्यामुळे जुन्या शिकारवर्णनांत घोटाळा होतो. रॉकी पर्वतातील पूर्ण वाढीचा नर सु. ३०० किग्रॅ.चा, मोठ्या सांबराच्या तोडीचा असतो.

वजन ग्रेनमध्ये मोजतात. १ ग्रेन म्हणजे सु. ६५ मिग्रॅ., सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा. बाणाच्या वजनात दांडी, पिसे, दोरीवर बसणारी खाच आणि पाते हे सारे धरतात. एकट्या पात्याचे वजन बहुधा १०० किंवा १२५ ग्रेन असते.

या पात्यांचा, म्हणजे ब्रॉडहेडचा, उगम कोठवर मागे न्यावा हा वादाचा विषय आहे. उत्तर अमेरिकेतील प्राचीन क्लोव्हिस संस्कृतीची सु. १३,००० वर्षांपूर्वीची दगडी टोके भाल्याची किंवा फेककाठीने फेकलेल्या शरांची (म्हणजे हलक्या भाल्यांची) मानतात, बाणाची नव्हे. आर्क्टिक प्रदेशात धनुष्य काही हजार वर्षांपूर्वी पोचले असावे. खंडाच्या बऱ्याच भागांत मात्र ते सु. १,५०० वर्षांपूर्वी किंवा त्यानंतर रुळले, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. अडचण अशी, की दांडी कुजते आणि दगड उरतो. मग टोकाच्या बुडाच्या रुंदीवरून ते शराचे की बाणाचे हे ठरवावे लागते, आणि मधल्या मापांची टोके दोन्हीकडे ओढता येतात. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील वितळत्या हिमपट्ट्यांत मात्र दांड्यांसह शस्त्रे मिळाली असून तेथे शरांकडून बाणांकडे झालेला बदल सु. १,२०० वर्षांपूर्वीचा दिसतो. हा पुरावा अधिक भरवशाचा, पण एकाच प्रदेशापुरता.

आधुनिक परंपरेचा धागा १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑरोव्हिल येथे प्रकट झालेल्या, ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतील इशीपर्यंत जातो. त्याचे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. धनुष्यनिर्माते फ्रेड बेअर यांचे ‘रेझरहेड’ पाते १९५६ मध्ये बाजारात आले. कप्प्यांवर (पुलींवर) चालणारे कंपाउंड धनुष्य (एकस्व १९६९) आल्यावर बाणांचा वेग वाढला आणि हलक्या बाणांकडे ओढा वाढला.

बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. तो कापतो, आणि जनावर रक्तस्रावाने पडते. म्हणून दोन्ही फुप्फुसांतून आरपार जाणे महत्त्वाचे. परत मिळालेल्या बाणावर फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस, काळसर असेल तर यकृत, आंबूस वासाचा हिरवट चिकटा असेल तर आतडे, असा माग काढणाऱ्यांचा ठोकताळा आहे. दीड-दोन इंच उघडणारे यांत्रिक पाते मोठी जखम करते, पण उघडण्यात व कापण्यात बाणाची ताकद खर्चते. एक ते सव्वा इंचाचे स्थिर पाते खोल जाते, मात्र धनुष्याची जुळणी बिघडली असेल तर बाण भरकटवते. केवळ रुंदीवरून तुलना फसवी ठरते: सव्वा इंचाचे तीन धारांचे पाते सु. १.९ इंच लांबीचा छेद देते, दोन धारांचे सव्वाच.

समजा, ४२० ग्रेनचा बाण सेकंदाला २८० फूट वेगाने सुटतो आणि त्याच धनुष्यातून ५५० ग्रेनचा सु. २४७ फुटांनी. दोघांची गतिज ऊर्जा जवळपास सारखी (सु. १०० जूल), पण जड बाणाचा संवेग (वस्तुमान × वेग) सु. १५ टक्क्यांनी जास्त भरतो. उलट, त्याचा मार्ग अधिक वाकतो. अंतराचा अंदाज थोडा चुकला तर हलका बाण जड बाणापेक्षा अधिक निभावून नेतो.

धनुर्धारी शिकारी व संशोधक एड अ‍ॅशबी यांनी १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात सुरू केलेल्या चाचण्यांवरून जड हाडासाठी ६५० ग्रेनचा उंबरठा पुढे आला. तो एल्कला जसाच्या तसा लावणारे बरेच आहेत. परंतु ते निष्कर्ष मुख्यतः पारंपरिक धनुष्ये आणि आफ्रिकी प्राणी व पुढे ऑस्ट्रेलियातील रानम्हशी यांवर उभे आहेत. एल्कची बरगडी तितकी कठीण नाही, खांद्याचे हाड मात्र बाण अडवते. त्यामुळे कंपाउंड धनुष्यासाठी ४५० ते ५५० ग्रेन आणि वस्तऱ्यासारखे धारदार स्थिर पाते हा मध्यममार्ग अधिक ग्राह्य वाटतो. धनुष्याच्या ताणाच्या दर पौंडाला किमान ५ ग्रेन ही मर्यादा धनुष्य फुटू नये म्हणून आहे, शिकारीसाठी नव्हे. दोहोंची गल्लत वारंवार होते.

नियम राज्यागणिक वेगळे व बदलते आहेत. कोलोरॅडोत पाते किमान ७/८ इंच रुंद व धनुष्याचा ताण किमान ३५ पौंड लागतो. वायोमिंगमध्ये ५० पौंडांचा ताण, किंवा ठरावीक वजनाचा बाण १६० यार्ड फेकण्याची क्षमता, असा पर्यायी निकष आहे.