अर्जात 'थिनर' लिहू नका: वापरलेल्या सॉल्व्हंटचं ऑथरायझेशन कसं काढायचं

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या पेंट शॉपमध्ये विचारा, "ह्या ड्रममध्ये काय आहे?" उत्तर एकच: थिनर. स्क्रीन प्रिंटिंगवाला त्यालाच 'बीसी' (ब्युटाइल सेलोसॉल्व्ह) म्हणेल, काच पुसायचं लिक्विड बनवणारा 'सेलोसॉल्व्ह' म्हणेल. रोजच्या कामाला एवढं पुरतं. पण वापरलेला सॉल्व्हंट (विद्रावक) म्हणजे घातक कचरा; तो साठवायला आणि विल्हेवाटीला द्यायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, म्हणजे ऑथरायझेशन, लागते, आणि तिच्या अर्जाला एवढं पुरत नाही. मी भरून दिलेला एक अर्ज याच शब्दापायी परत आला होता. मालकांनी आग्रहानं 'वेस्ट थिनर' लिहायला लावलं, आणि मंडळाकडून विचारणा आली: नेमका कोणता सॉल्व्हंट, किती अंशाला पेट घेतो, साठवता कुठे? तिन्हीची उत्तरं शोधताना कळलं, की शॉपमध्येही ती कुणालाच ठाऊक नव्हती.

म्हणून अर्जाआधी पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट मागून घ्या. सोळा भागांचं ते बाड असतं. आपल्याला तिसरा भाग (घटक आणि त्यांचे कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा जगभर एकच असणारा ओळख क्रमांक), आठवा (हातमोजे, हवेतली मर्यादा), नववा (फ्लॅश पॉइंट, म्हणजे किती अंशाला वाफ पेट घेते) आणि तेरावा (विल्हेवाट) लागतो. द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून माल घेऊ नये, हे माझं मत.

कॅस क्रमांकावर एवढा जोर का, ते सांगतो. ही सेलोसॉल्व्ह ज्यात मोडतात, ती ग्लायकॉल इथर नावाची मोठी भावकी आहे आणि भाऊबंद दिसायला सारखेच: पाण्यासारखे स्वच्छ, वासाला सौम्य, पाण्यात सहज मिसळणारे. ब्युटाइल सेलोसॉल्व्ह म्हणजे २-ब्युटॉक्सीइथेनॉल, कॅस क्रमांक १११-७६-२. मिथाइल सेलोसॉल्व्ह म्हणजे २-मिथॉक्सीइथेनॉल, १०९-८६-४. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेनं आठ तासांच्या पाळीसाठी हवेतली मर्यादा पहिल्याला २० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग) सुचवलीय, दुसऱ्याला ०.१ पीपीएम. दोनशे पटींचा फरक! मिथाइल प्रकार पुरुषाच्या शुक्रजंतूंना आणि पोटातल्या गर्भाला बाधतो. ब्युटाइलनं प्रयोगातल्या उंदरांच्या तांबड्या पेशी फुटतात; माणसाच्या पेशी त्यामानानं दणकट, तरी डोळे आणि घसा चुरचुरतो. दोन्ही कातडीतून थेट रक्तात जातात. त्यामुळे नुसता मास्क लावून भागत नाही, आणि सुती हातमोजे तर नसलेले बरे, कारण ते भिजून रसायन हातालाच धरून ठेवतात. ब्युटाइल रबराचे मोजे वापरावेत.

ब्युटाइलचा फ्लॅश पॉइंट ६० ते ६७ अंशांच्या दरम्यान, मिथाइलचा ४० च्या आसपास. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली चाळीस अंश गाठायला वेगळी भट्टी लागत नाही.

आता ऑथरायझेशन कुणी घ्यायचं? 'घातक व इतर कचरा (व्यवस्थापन आणि सीमापार वाहतूक) नियम, २०१६' च्या सहाव्या नियमानुसार असा कचरा निर्माण करणाऱ्या, साठवणाऱ्या प्रत्येक भोगवटादारानं, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्यानं. "आमचा महिन्याला एकच कॅन निघतो" ही सबब चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं एक सवलत दिली: ज्या उद्योगांना जल आणि वायू प्रदूषणाच्या कायद्यांखाली कन्सेंटच (मंडळाची संमती) लागत नाही, त्यांना हे ऑथरायझेशनही लागत नाही, मात्र कचरा अधिकृत घेणाऱ्यालाच द्यायचा. फवारणीचं पेंट शॉप असेल तर ही सवलत आपल्याला आहे असं परस्पर धरून चालू नका, आधी मंडळाच्या यादीत आपल्या उद्योगाची वर्गवारी पाहा.

अर्ज नमुना १ मध्ये, मंडळाच्या पोर्टलवर. महाराष्ट्रात कन्सेंट टू ऑपरेट (कारखाना चालवायची संमती) आणि ऑथरायझेशन बहुधा एकाच आदेशात मिळतं, म्हणून दोन्हींची तयारी एकदमच करावी. नियमात कागद मोजकेच आहेत: कन्सेंट टू एस्टॅब्लिशची (कारखाना उभारायच्या संमतीची) प्रत, कन्सेंट टू ऑपरेटची प्रत आणि नूतनीकरण असेल तर अटी पाळल्याचा स्वयंप्रमाणित अहवाल. प्रत्यक्षात कन्सेंटच्या बाजूनं आणखी कागद जोडावे लागतात: प्लॉटचा ताबा किंवा भाडेकरार, नकाशा, प्रक्रियेचा फ्लोचार्ट, भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला (फी त्यावरच ठरते) आणि घातक कचऱ्याच्या सामायिक विल्हेवाट केंद्राचं सभासदत्व. असं एक केंद्र पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे. सभासदत्वाचं काम आधी उरकून घ्या, ते शेवटी ठेवलं की बाकीची फाइल तयार असूनही अडून बसते.

नमुना भरताना कचरा या नियमांच्या अनुसूची १ मधल्या क्रमांकानिशी लिहायचा. वापरून झालेला सॉल्व्हंट २०.२. सॉल्व्हंटनं भिजलेल्या चिंध्या आणि कॉटन वेस्ट ३३.२. रसायनाचे रिकामे ड्रम ३३.१. हा शेवटचा रकाना हमखास कोरा राहतो, कारण रिकामा ड्रम आपल्याकडे कचरा मानलाच जात नाही. तो भंगारात जातो, नाहीतर कुणा कामगाराच्या घरी पाण्याचा होतो. हे दुसरं तर कृपा करून होऊ देऊ नका. प्रत्येक क्रमांकापुढे वर्षाचं प्रमाण आणि एका वेळी जास्तीत जास्त किती साठेल, ते लिहा. आकडा भीतीनं कमी लिहिला तर पुढं तोच नडतो.

मिश्र थिनर असेल तर एक वेगळी भानगड. नुसता ग्लायकॉल इथर हायड्रोकार्बन (फक्त कार्बन आणि हायड्रोजनचं संयुग) नाही, पण त्यात टोल्युइन किंवा झायलीन मिसळलेलं असलं की १९३४ चा पेट्रोलियम कायदा लागू होतो. फ्लॅश पॉइंट २३ ते ६५ अंशांमधला, म्हणजे 'ब' वर्गाचा साठा एका जागी २,५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. २३ अंशांच्या आतला 'अ' वर्ग असेल तर सूट फारच थोडी. तो विषय 'पेसो'चा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, मंडळाचा नाही.

सांगलीची फाइल सांगलीच्या उपप्रादेशिक कार्यालयातून कोल्हापूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या कक्षेत जाते, साताऱ्याची पुण्याच्या. शिरवळ, लोणंदवाल्यांनी सांगलीच्या ओळखीच्या भरवशावर राहू नये.

मग पाहणी. अधिकारी कागदापेक्षा शेड बघतात. छप्पर हवं, जमीन न झिरपणारी हवी, भोवती बांध आणि सांडलं तर गोळा व्हायला खड्डा हवा. प्रत्येक पिंपावर नमुना ८ चं लेबल. ऑक्सिडायझर (आग भडकवणारं रसायन) शेजारी नको. पिंपं झाकणबंद ठेवा, कारण हवा आणि उजेड लागून या सॉल्व्हंटमध्ये पेरॉक्साइड तयार होऊ शकतं. असा जुना माल उकळून कोरडा करायला गेलं की स्फोटाचा धोका. सांडलं तर पाइप लावून धुऊ नका. पाण्यात मिसळणारी वस्तू आहे, गटारातून थेट पुढं जाते. वाळू टाकून उचला आणि ती वाळूही घातक कचऱ्यातच धरा. विझवायला कोरडी पावडर, कार्बन डायऑक्साइड किंवा अल्कोहोलला टिकणारा फोम. साधा फोम यावर विरघळून जातो.

पूर्ण अर्जावर १२० दिवसांत नमुना २ मध्ये मंजुरी द्यावी, असं नियम सांगतो. मुदत पाच वर्षांची. नूतनीकरणाचा अर्ज ही मुदत संपण्याआधी तीन महिने करता येतो.

मंजुरीनंतर कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वर्षाला दहा टनांपर्यंतच्या छोट्या कारखान्यांना मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण मागितली तरच. गाडी भरली की नमुना १० चं मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारी वाहतुकीची नोंद) सात रंगांच्या प्रतींत. पिवळी आपल्याकडे राहते, निळी विल्हेवाट केंद्राकडून परत येते. दोन्ही एकत्र टाचून ठेवा. ३० जूनपर्यंत नमुना ४ चं वार्षिक विवरण भरताना त्या निळ्या प्रतींची बेरीज नमुना ३ च्या नोंदवहीशी जुळवावी लागते, आणि मार्चअखेर शेडमध्ये उरलेला एखादा ड्रम त्या हिशेबात धरायचा हमखास राहून जातो.