गाठ काढूनही स्तन राखता येतो

बीड, हिंगोलीकडे आजही घरातली वडीलधारी माणसे कळकळीने सांगतात की, कर्करोग झाला म्हणजे पूर्ण स्तन काढलाच पाहिजे, नाहीतर रोग मुळासकट जात नाही, आणि राखलेला स्तन तरी कुठे धड दिसतो! हा समज खरा नाही. इटलीतील मिलान येथे दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तन राखून किरणोपचार घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही.

दिसण्याचे म्हणाल, तर ते स्तनाच्या आकाराच्या मानाने किती भाग काढला, गाठ कोणत्या बाजूला होती आणि किरणोपचारानंतर त्वचा व ऊती किती घट्ट झाल्या, यावर अवलंबून असते. शेजारच्याच ऊती सरकवून खळगा भरण्याचे तंत्रही आता रुळले आहे. थोडा फरक राहतो, हे आधीच स्पष्ट सांगितलेल्या रुग्णांचे समाधान अधिक टिकते, असे मला वाटते.

मात्र किरणोपचार टाळून चालत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे: छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात ती सोय असली, तरी गावाकडच्या बाईने काही आठवडे रोज तिथे जायचे कसे, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच घरच्यांनी डॉक्टरांपुढे मांडावा.