भिंत चेहऱ्याला नाही, कानाला कळते

भाचीचा मानसशास्त्रातला प्रबंध पूर्ण झाला. दृष्टिहीन माणसं अनोळखी इमारतीत वाट कशी लक्षात ठेवतात, हा विषय. बाइंडिंग होऊन आलेली प्रत तिने हातात दिली आणि मी सवयीने आधी ऋणनिर्देशाचं पान उघडलं. मार्गदर्शक बाई, सहकारी, ग्रंथपाल, आई-बाबा, सगळ्यांची नावं होती. खाली एक ओळ : ‘प्रयोगांत सहभागी झालेल्या सर्व व्यक्तींचे मनःपूर्वक आभार.’ त्यांतल्या एकाचंही नाव नाही. गोपनीयतेचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण ती म्हणाली, “मामा, अर्धा प्रबंध मला त्यांनीच शिकवलाय. प्रयोगात मी काय चुकतेय, तेही आधी त्यांनीच सांगितलं.”

तेव्हापासून मायकेल सुपा मनातून जात नाही. स्वतःच सहभागी, स्वतःच संशोधक.

सुपा हे १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्राचे विद्यार्थी होते, आणि दृष्टिहीन होते. त्यांच्यासमोरचा प्रश्न मात्र दोनशे वर्षं जुना होता. अनेक दृष्टिहीन माणसं झपझप चालत येतात आणि भिंतीला धडकण्याआधी नेमकी थांबतात. कशी? फ्रेंच विचारवंत दिदेरो यांनी १७४९मध्ये अशा एका माणसाबद्दल लिहिलं होतं. वस्तू जवळ आली की तिच्यामुळे चेहऱ्यावरच्या हवेत होणारा फरक त्याला जाणवतो, असं त्यांचं मत. पुढे कितीतरी दृष्टिहीनांनी हेच सांगितलं, की गालांवर, कपाळावर हलका दाब जाणवतो. या जाणिवेला ‘चेहऱ्याची दृष्टी’ असंच नाव पडलं. कुणी तिचं श्रेय त्वचेला दिलं, कुणी हवेच्या दाबाला, तर कुणी सहाव्या इंद्रियाला.

सुपा, त्यांचे डोळस सहकारी मिल्टन कोट्झिन आणि दोघांचे मार्गदर्शक कार्ल डॅलेनबाख यांनी एकेक शक्यता खोडत जायचं ठरवलं. सहभागी चार : दोन दृष्टिहीन आणि दोन डोळस. दृष्टिहीनांपैकी एक स्वतः सुपा. पट्टी चौघांच्याही डोळ्यांवर. समोर अडथळा आहे असं पहिल्यांदा वाटलं की सांगायचं. मग न धडकता जमेल तितकं जवळ जायचं. डोळसांनाही थोड्या सरावाने हे जमू लागलं. ही गोष्ट लोक विसरतात.

मग बूट काढून, मोजे घालून, गालिच्यावरून चालवलं. अडथळा कळत होता, पण बराच उशिरा. चेहरा, मान, हात जाड नमद्याने आणि कातडी हातमोज्यांनी झाकले, तरीही कळला. पुढे चेहरा उघडा ठेवून कान घट्ट बंद केले, आणि चौघेही अडथळ्यावर धडकले. पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी. शेवटचा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. सहभागी व्यक्ती दुसऱ्या, आवाजबंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसली. प्रयोगकर्ता कानाच्या उंचीवर मायक्रोफोन धरून अडथळ्याच्या दिशेने चालत गेला. खोलीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासमोर भिंत नव्हतीच, तरी ‘आता जवळ आली’ हे त्याला नुसत्या आवाजावरून सांगता आलं.

म्हणजे काम कान करत होते आणि जाणीव गालावर उमटत होती. अनुभव शंभर टक्के खरा, त्याचं स्पष्टीकरण चूक. या प्रयोगांवरचा तिघांचा निबंध १९४४मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी वटवाघळांवर काम करणारे डोनाल्ड ग्रिफिन यांनी ‘एकोलोकेशन’ (प्रतिध्वनीवरून वस्तूची जागा ओळखणं) हा शब्द रूढ केला, तोही दृष्टिहीन माणसं, वटवाघळं आणि रडार यांना एकाच शीर्षकात बसवून.

पण कान ऐकतात तरी काय? प्रतिध्वनी ऐकायचा तर अडथळा किमान १७.२ मीटर दूर हवा, असं आपण शाळेत शिकलो. भिंत तर एका मीटरवर आहे. इथून पुढे जरा सावकाश वाचा.

ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरू. एक मीटरवरच्या भिंतीकडे जाऊन परत यायचं अंतर २ मीटर, म्हणजे ध्वनीला लागतात साधारण ६ मिलिसेकंद. इतक्या कमी अंतराने आलेले दोन आवाज मेंदू वेगळे ऐकूच शकत नाही. मूळ आवाज आणि त्याची परतलेली प्रत एकमेकांत मिसळतात. बुटांच्या टकटकीत, श्वासात, जिभेच्या ‘टक्’ आवाजात अनेक वारंवारता एकत्र असतात. ज्यांच्या तरंगलांब्या त्या २ मीटरमध्ये पूर्णांकात बसतात, त्या परत येताना मूळ लाटेशी जुळतात आणि बळकट होतात : १७२, ३४४, ५१६ हर्ट्झ, असं पुढे पुढे. मधल्या, म्हणजे ८६, २५८, ४३० हर्ट्झच्या लाटांची अर्धी लांबी उरते, त्या उलट पडतात आणि क्षीण होतात. (कठीण भिंतीवरून परतताना दाबाची लाट स्वतः उलटत नाही, म्हणून हा हिशेब सरळ आहे.) आलेख काढला तर कंगव्यासारखा दिसतो. या दातांमधलं अंतर आपला मेंदू एखाद्या सुरासारखं ऐकतो. भिंत अर्ध्या मीटरवर आली की दात ३४४ हर्ट्झ अंतरावर जातात, पाव मीटरवर ६८८. म्हणजे भिंतीकडे चालत गेलं की कंगवा विरळ होत जातो आणि सूर चढत जातो!

हा सूर डच वैज्ञानिक ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६९३मध्येच टिपला होता. फ्रान्समधल्या शान्तियीच्या राजवाड्यात कारंज्याचा खळखळाट दगडी पायऱ्यांवरून परतताना त्यांना त्यात स्वर ऐकू आला.

तुम्हीही ऐकू शकता. स्टीलचं ताट तोंडासमोर हातभर अंतरावर उभं धरा, ‘श्श्श’ असा लांब आवाज काढा आणि ताट हळूहळू जवळ आणा. आवाज तोच, पण रंग बदलतो, टोकदार होत जातो. अंतर वाढलं की आवाजाची तीव्रताही मदतीला येते, पण हाताच्या टप्प्यात राज्य या सुराचं. कोट्झिन आणि डॅलेनबाख यांनी १९५०मध्ये याचाच पाठपुरावा केला. मिश्र आवाजाने अडथळा कळला. शुद्ध एकसुरी स्वर वापरले तेव्हा तो साधारण १०,००० हर्ट्झच्या पट्ट्यातच कळला.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाखाली मुलांना डोळे बांधून वाचायला शिकवण्याचे वर्ग आपल्याकडे चालले. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत, की मूल पट्टी आणि नाक यांच्यातल्या फटीतून वाचतं. ती फट बुजवली की ‘शक्ती’ संपते. कागदावरची शाई प्रतिध्वनीतही कळत नाही आणि तिसरा डोळा कुणाला नाही. दृष्टिहीन मुलाच्या आईबापांकडून या नावावर पैसे घेणं हा मला गुन्हाच वाटतो. प्रतिध्वनीचा गाजावाजाही नको. समोरचा खड्डा, खाली गेलेली पायरी आवाजाने सांगता येत नाही. पांढरी काठी लागतेच.

२०११मध्ये लोर थेलर, स्टीफन आर्नॉट आणि मेल्विन गुडेल यांनी जिभेच्या टक् आवाजावर सहज वावरणाऱ्या दोन दृष्टिहीनांचा मेंदू तपासला. कानांत ठेवलेल्या बारीक मायक्रोफोनने त्यांचेच आवाज ध्वनिमुद्रित केले आणि स्कॅनरमध्ये त्यांना ऐकवले, एकदा प्रतिध्वनीसह, एकदा प्रतिध्वनी काढून. श्रवणाच्या भागात फरक दिसला नाही. प्रतिध्वनीमुळे जागा झाला तो मेंदूच्या मागच्या बाजूचा, एरवी दृष्टीचं काम करणारा भाग.

आणि सुपांसारखेच दुसरे, रेजिनाल्ड गॉलेज. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या विद्यापीठातले हे भूगोलज्ञ, माणसं मनात नकाशा कसा रचतात याचे अभ्यासक. १९८४मध्ये त्यांची दृष्टी गेली. जॅक लूमिस आणि रॉबर्टा क्लॅट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी त्यांना निवृत्त होऊ न देता सोबत घेतलं. पुढे तिघांनी मिळून सहभागींना त्रिकोणाच्या दोन बाजू चालवल्या आणि तिसऱ्या बाजूने एकट्याने सुरुवातीच्या जागी परत यायला सांगितलं. जन्मापासून दृष्टिहीन, नंतर दृष्टी गमावलेले आणि डोळे बांधलेले डोळस, यांच्यात मोठा फरक आढळला नाही. १९९३चा हा निबंध. ‘अंधांना जागेची कल्पनाच नसते’ हा जुना समज त्याने चांगलाच हलवला.

तिघांनी जीपीएसचं उपकरण पाठीवरच्या पिशवीत बसवलं. हेडफोनमधून इमारतीचं नाव त्या इमारतीच्याच दिशेने ऐकू यायचं. ग्रंथालय डावीकडे असेल तर ‘ग्रंथालय’ हा शब्द डावीकडून. ती पिशवी पाठीवर घेऊन विद्यापीठाच्या आवारात चालायचे स्वतः गॉलेज.